लेझर झालं होतं, हे आम्ही सांगितलं नाही

“यांचं लेझर कधी झालं होतं?” डॉक्टर मॅडमनी विचारलं.

त्या यंत्राला डोळा लावून बसल्या होत्या. यंत्राच्या पलीकडे हनुवटी टेकवून माझी मुलगी वैशाली. तिच्या मागे तिचा नवरा, म्हणजे आमचे जावई सतीशराव. बाजूच्या स्टुलावर तिची सासू, आणि दाराशी मी. सगळे लग्नाच्या कपड्यांत. केसांत अक्षता तशाच अडकलेल्या.



“कसलं लेझर?” विहीणबाई म्हणाल्या. “तिला चष्मा नव्हताच कधी. आता चाळिशीचा लागला, तेवढाच.”

मॅडमनी यंत्रावरून मान काढली नाही. “दोन्ही डोळ्यांच्या कॉर्नियावर गोल कापल्याची रेघ आहे. जुनी आहे. लेझर झालेलंच आहे. कधी झालं तेवढं सांगा.”

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावरची पारदर्शक काच.

वैशालीनं हनुवटी हलवली नाही. तशीच म्हणाली, “लग्नाच्या आधी.”

सतीशरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहिलं.

दोन तास तपासण्या चालल्या. मग मॅडमनी आम्हा चौघांना पुन्हा आत बोलावलं आणि सांगितलं, “डाव्या डोळ्याची नस जवळजवळ वाळली आहे. गेलेली नजर परत येणार नाही. कुठल्याही दवाखान्यात येणार नाही, म्हणून हिंडू नका. उजव्या डोळ्यालाही सुरुवात झाली आहे. तो आपण वाचवायचा.”

आजाराचं नाव ग्लॉकोमा. मराठीत काचबिंदू.

आम्ही तिथं गेलो होतो अक्षतेचा एक दाणा बघायला.

माझ्या भाच्याच्या मुलीचं लग्न नांदेडला होतं. वैशालीच्या सासरचे लातूरहून आले होते. शेवटच्या मंगलाष्टकाला मागच्या पोरांनी मुठीच्या मुठी फेकल्या. दगड मारावेत तशा अक्षता मारतात हल्ली. एक दाणा वैशालीच्या उजव्या डोळ्यात बसला. तिनं तळहातानं डोळा दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं माझा दंड पकडला.

“माय, नवरी कुठं गेली?”

नवरी समोर होती. चार हातांवर. हिरवा शालू, गळ्यात हार.

“हे काय समोर हाय की.”

“न्हाई दिसून राहिली. मला नुसता मांडवाचा खांब दिसून राहिला. कडेचा.”

उजवा डोळा झाकला होता म्हणून कळलं की डावा गेला आहे. तोपर्यंत उजवा दोघांचं काम ओढत होता. म्हणून सगळ्यांना सांगते, महिन्यातून एकदा एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहा. पैसा लागत नाही. आमच्या घरात हे कुणी कधी केलं नाही.

आता पहिल्यापासून सांगते. मी चौथी शिकलेली आहे. मुदखेडला जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं पोरांची खिचडी शिजवली. मालक रेल्वेत होते, चार वर्षांमागं गेले. हे लिहायला मला मॅडमनीच सांगितलं. त्यांच्याकडे येणाऱ्या बायका माझ्यासारख्याच आहेत, त्यांना डॉक्टरचं पटत नाही, बाईचं पटेल, असं त्या म्हणाल्या.

वैशालीला सहावीत फळा दिसेना. नंबर निघाला, आणि दर वर्षी वाढत गेला. बी.ए. होईपर्यंत दोन्ही डोळ्यांना वजा सात. काच एवढी जाड की डोळे आत बारीक दिसायचे. शेजारच्या बाया तिला सोडावॉटर म्हणायच्या. तोंडावर म्हणायच्या, हसत.

पाहायला लोक आले आणि गेले. पोरगी चांगली हाय, सुगरण हाय, शिवणकाम करती, पण. प्रत्येक जण ‘पण’वर येऊन थांबायचा. मालेगावच्या एका बाईनं तर चहा पिता पिता विचारलं, “चष्मा काढला की पोरगी चुलीत हात घालती की काय?” मी तिच्या हातातून कप काढून घेतला. ते स्थळही गेलं.

मग कुणीतरी सांगितलं, हैदराबादला लेझर करतात, चष्मा जातो. मालकांना रेल्वेचा पास होता. गेलो.

त्या ऑपरेशनचं नाव लॅसिक. कॉर्नियाची वरची पातळ चकती पापुद्र्यासारखी कापून बाजूला करतात. खालचा भाग लेझरनं थोडा घासून पातळ करतात. चकती पुन्हा बसवतात. टाका नाही. वीस मिनिटांत पोरगी बाहेर आली. दुसऱ्या दिवशी तिनं स्टेशनवरची पाटी इंग्रजीसकट वाचली. मालक रडले. मी रडले नाही, पण पेढे वाटले. लोकांना सांगितलं की चुलत बहिणीला मुलगा झाला.

हैदराबादच्या डॉक्टरांनी एक फाईल दिली. तिच्यात सगळं लिहिलेलं होतं. आधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी आधी किती, नंतर किती, डोळ्याचा दाब किती. ते मालकांना हिंदीत म्हणाले होते, चष्मा गेला तरी डोळा आतून मोठ्या नंबरवाल्याचाच राहतो. दर वर्षी आतून तपासा. ही फाईल जन्मभर जपा आणि कुठल्याही डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलात की आधी ही दाखवा.

हे ते स्वच्छ बोलले होते. लेझरवाल्यांनी आम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांचं काम त्यांनी नीट केलं. ज्यांना कुणापासून लपवायचं नव्हतं ते आजही नीट पाहत असतील.

चार महिन्यांनी लातूरचं स्थळ आलं. सतीशराव रेणापूरला शाळेत शिक्षक. घर लातूरला. पाहायला आले तेव्हा विहीणबाईंनी तिला भिंतीवरचं कॅलेंडर दाखवून म्हटलं, “बाई, तिकडून आज तिथी कोणती हाय ते वाच बरं.” पोरीनं तिथी वाचली, नक्षत्र वाचलं, आणि खाली छापखान्याचं बारीक नावपण वाचून दाखवलं.

“नजर लई तेज हाय हो पोरीची,” विहीणबाई म्हणाल्या.

“आमच्या घरात कुणालाच चष्मा न्हाई,” मी म्हणाले.

विहीणबाईंशी बोललेलं हे माझं पहिलं खोटं.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी मी फाईल पिशवीत घालून शाळेत नेली. खिचडीच्या मोठ्या पातेल्याखाली सरपणात घातली. त्याआधी तिचे चष्मेवाले फोटो घातले. मालक आदल्या रात्री म्हणाले होते, “कागद राहू दे. डॉक्टरनं जपायला सांगितलंय.” मी म्हटलं, कागद घरात राहिला तर कधी ना कधी कुणाच्या हाताला लागणार. आमच्याकडे मुलीच्या पेटीत काय येतं, हे सासरच्या बाया पहिल्या आठवड्यात बघून घेतात. कागद जळाला. त्या दिवशी दीडशे पोरं जेवली.

लग्नानंतरची सात-आठ वर्षं नजर चांगली होती. हे पण लिहिलं पाहिजे. डोळे कोरडे पडायचे, खुपायचे. दिव्यांभोवती गोल कडं दिसायचं. डोळ्यांत घालायचे थेंब ती तिखटाच्या बरणीमागे ठेवायची. सासूनं विचारलं तर म्हणायची, मिरच्या कुटताना झोंबलं.

मग नंबर थोडा परत आला. वजा एक, सव्वा. असं काहींना होतं, आणि डॉक्टर त्याला रिग्रेशन म्हणतात. साधा चष्मा लावला की संपलं. पण जिला चष्मा कधी नव्हताच, तिला तो एकदम लागणार कसा? वैशाली दहा वर्षं डोळे बारीक करून जगली. ती घरी पिको-फॉल करते, ब्लाउज शिवते. जवळचं दिसायचं, तेवढ्यावर भागवलं. रस्त्यात ओळखीची बाई दिसली तर ओळखायची नाही. लातूरला तिला गर्विष्ठ म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

तिच्या मुलीला, सायलीला, दुसरीतच चष्मा लागला. वजा तीन. विहीणबाई घरभर फिरून म्हणाल्या, “हे कुठून आलं? आमच्याकडं न्हाई, ईनबाईंकडं न्हाई. मोबाइलनं झालं.” पोरीचा मोबाइल काढून घेतला. तेव्हा त्या घरात मोबाइल एकच होता आणि तो सतीशरावांच्या खिशात असायचा.

चाळिशी आली तेव्हा वैशाली खूश झाली. चाळिशीचा चष्मा सगळ्यांनाच लागतो. त्यात लाज नाही, उलट वयाचा मान आहे. तिनं फोनवर सांगितलं, “माय, आता मी उजळमाथ्यानं चष्मा लावीन बघ.” त्यासाठी लातूरला एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. मी तेव्हा तिच्याकडे राहायला गेले होते. विहीणबाईपण आल्या. त्यांचा मोतीबिंदू दाखवायचा होता.

ह्या डॉक्टरबद्दल नीट लिहायला पाहिजे. माणूस चांगला होता. त्यानं नंबर काढला. डोळ्यावर हवेची फुंकर मारणाऱ्या यंत्रानं दाब मोजला. दाब म्हणजे डोळ्याच्या आतल्या पाण्याचा. मग टॉर्चसारखं काहीतरी घेऊन आत पाहिलं आणि थांबला. पुन्हा पाहिलं.

“नसेचा खड्डा थोडा मोठा वाटतोय,” तो म्हणाला. “पण प्रेशर नॉर्मल आहे. आधी मोठा नंबर होता का? डोळ्याचं काही ऑपरेशन, लेझर, असं काही?”

विहीणबाई बाकावर होत्या. वैशाली खुर्चीत होती.

“काही न्हाई,” मी म्हणाले.

“नक्की?”

“मी आई हाय तिची. मला म्हाईत नसंल का?”

त्यानं कागदावर तसंच लिहिलं. सहा महिन्यांनी या म्हणाला. सहा महिन्यांनी गेलो, पुन्हा दाब नॉर्मल. मग जाणं सुटलं. नॉर्मलच आहे, तर कशाला जायचं.

ह्याच्यात काय चुकलं, ते मॅडमनी मला नांदेडला समजावून सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मला ऐकूच आलं नाही.

डोळ्यात आत पाणी तयार होतं आणि आतल्या आतच बारीक वाटेनं निघून जातं. आसवं नव्हेत ती, हे पाणी वेगळं. वाट तुंबली की पाणी साठतं, दाब वाढतो आणि मागची नस दबत जाते. त्या नसेला ऑप्टिक नर्व्ह म्हणतात. डोळ्याला दिसलेलं तीच मेंदूकडे नेते. ती हळूहळू वाळते, आणि तिच्या तोंडाशी असलेला खड्डा मोठा होत जातो. दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. कडेकडेची नजर जाते आणि माणसाला कळत नाही. मोठा नंबर असलेल्यांना हा आजार व्हायची शक्यता जास्त. लेझर केलं म्हणून ती कमी होत नाही.

“आणि दाब?” मी विचारलं. “दाब तर नॉर्मल निघाला होता.”

“सायकलच्या ट्यूबला बोट लावून हवा बघता ना?” मॅडम म्हणाल्या. “ट्यूब पातळ असली तर बोट लगेच आत जातं. वाटतं, हवा कमी आहे. लेझरनं यांचा कॉर्निया पातळ झालाय. यंत्राला दाब कमीच दिसणार. लेझर झालंय हे माहीत असलं की आम्ही जाडी मोजतो, तो आकडा नुसता धरत नाही, नसेकडे जास्त बघतो. माहीत नसलं तर फसतो. त्या डॉक्टरांना शंका आली होती. त्यांनी विचारलं होतं ना?”

“विचारलं होतं,” मी म्हणाले.

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दोन तासांत ज्या तपासण्या झाल्या, त्या सांगते, म्हणजे कुणी घाबरणार नाही. कॉर्नियाची जाडी मोजतात ती पॅकिमेट्री. थेंब टाकून डोळा बधिर करतात, पेनासारखं टोक लावतात, दुखत नाही. नसेचा फोटो काढतात तो ओसीटी. त्यात नस कुठं जाड, कुठं पातळ ते रंगात दिसतं. आणि फील्ड टेस्ट. अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं. आत ठिकठिकाणी ठिपका चमकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं.

मी पडद्याबाहेर होते. उजव्या डोळ्याच्या वेळी बटणाचा टकटक आवाज येत होता. मध्ये थांबे, पुन्हा येई. मग तिथल्या बाईनं पट्टी बदलली, डाव्याची पाळी आली. आवाज बंद झाला. मला वाटलं, अजून सुरू झालं नसेल. बऱ्याच वेळानं एकदा टक झालं. मग पुन्हा काही नाही.

आत ती बाई वैशालीला म्हणाली, “ताई, झोपू नका. दिसलं की दाबा.”

“मी जागीच हाय,” वैशाली म्हणाली.

बाहेरच्या बाकावर विहीणबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. जरीचं लुगडं, नथ. अर्धा दवाखाना आमच्याकडे बघत होता. त्यांनी आवाज खाली घेतला नाही.

“ईनबाई, आणखी काय काय बदलून दिलंय पोरीचं? एकदाच सांगून टाका. दात तरी तिचेच हायत का?”

“दात तिचेच हायत,” मी म्हणाले. “वीस वर्षं तुमच्या घरी ओठ चावून झिजलेत, तेवढेच.”

“फसवलं तुम्ही आमाला.”

“हाव, फसवलं. चष्मेवाली केली असती का तुम्ही?”

“न्हाई केली असती.”

“मग?”

“मग काय? पोरगी मुदखेडला बसली असती, पण दोन्ही डोळ्यांनी.”

  ती बाई मला आवडत नाही, पण त्या दिवशी ती खरं बोलली.

उजव्या डोळ्याला थेंब सुरू झाले. रोज, ठरलेल्या वेळी, जन्मभर. डाव्या डोळ्यात थोडी कड शिल्लक होती आणि दाब जास्त होता, म्हणून ऑपरेशन ठरलं. ट्रॅबेक्युलेक्टॉमी. हे नाव मी एका दमात म्हणू शकत नाही. आतलं पाणी बाहेर यायला डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक बारीक वाट करून देतात. “हे नजर परत आणण्यासाठी नाही,” मॅडमनी तीन वेळा सांगितलं. “उरलंय ते राहावं म्हणून.”

ऑपरेशन झाल्यावर विहीणबाई म्हणाल्या, ज्यांनी केलं त्यांनी निस्तरावं. वैशालीला माझ्याकडे मुदखेडला पाठवलं.

ती सहा आठवडे होती. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. थेंब दर दोन तासांनी, नंतर कमी कमी. मी साबणानं हात धुवायची, ती खाटेवर पाठीवर पडायची. मी खालची पापणी ओढायची आणि थेंब सोडायची. त्या वेळी तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर असायचा. ती छताकडे बघायची. बोलायची नाही. जेवलीस का, हाव. दुखतं का, न्हाई. बस.

सतीशराव दर रविवारी यायचे, सायलीला घेऊन. चांगला माणूस आहे. एकदा मी पोळ्या करत होते तेव्हा त्यांचं बोलणं कानावर आलं.

“पहिल्या वर्षी सांगितलं असतंस तर मी काय हाकलून दिलं असतं का?”

“तुमाला सांगणं म्हणजे तुमच्या आईला सांगणं. कोणती गोष्ट तुमच्या पोटात राहिली आजवर?”

 सायली हसली. बापालाही हसू आलं.

सायलीचा नंबर आता वजा सहा आहे. सतरा वर्षांची आहे. काचेवर बोटांचे ठसे तसेच ठेवून फिरते. मी तिला म्हटलं, लेझर करू नकोस. तर म्हणाली, “आजी, लेझरनं काय केलं? तू केलंस.” कुणी शिकवलं नव्हतं तिला हे.

चौथ्या आठवड्यात वैशाली माझ्याशी बोलली. थेंब घालून झाले होते. डोळे मिटून पडली होती, थेंबानंतर पाच मिनिटं मिटून ठेवायचे असतात. मी बाटलीचं झाकण लावत होते.

“माय, लातूरला त्या डॉक्टरनं इचारलं होतं ना, लेझर झालंय का म्हणून.”

“हाव.”

“मी सांगणार होते.”

मी झाकण लावत राहिले.

“तोंड उघडलं होतं मी. सासूबाई तर सासूबाई, एकदा होऊन जाऊ दे म्हटलं. मला तवाच डाव्या बाजूचं काहीतरी इपरीत वाटून राहिलं होतं. आणि तू बोललीस.”

“मला काय म्हाईत.”

“तू माझ्याकडं बघितलंच न्हाई. डॉक्टरकडं बघून बोललीस.”

मग ती म्हणाली, “पाच मिनटं झाली का?” मी घड्याळ पाहिलं. झाली होती. ती उठून मोरीकडे गेली. डाव्या बाजूची चौकट तिच्या खांद्याला लागली. ती रोज लागायची.

तीन वर्षं. त्या उत्तरापासून अक्षतेच्या दाण्यापर्यंत तीन वर्षं गेली. मी मॅडमना नंतर एकटीनं जाऊन विचारलं, तेव्हाच कळलं असतं तर काय झालं असतं? मॅडमनी आधी टाळलं. मी उठले नाही. मग म्हणाल्या, “पूर्ण वाचला असता असं नाही म्हणणार. बराचसा वाचला असता. त्या वेळी नुसत्या थेंबांवर भागलं असतं बहुतेक.”

मी हे विचारलं, कारण मला खोटं सांत्वन नको होतं. मिळालं नाही.

आता ज्या आयांच्या मुलींचं लेझर झालं आहे त्यांना सांगते. कागद जाळू नका. ज्या घरात कागद ठेवता येत नाही, त्या घरात मुलगी देऊ नका. चष्मा गेला म्हणजे डोळा नवा झाला असं समजू नका. वर्षातून एकदा थेंब टाकून, बाहुली मोठी करून आतून पडदा आणि नस बघून घ्या. दाब मोजताना सांगा की लेझर झालंय, जाडी मोजा. पुढं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायची वेळ आली तरी हे सांगावं लागतं, नाहीतर आतल्या भिंगाचा नंबर चुकतो. डॉक्टरनं विचारलं तर ज्याचा डोळा आहे त्याला बोलू द्या. तुम्ही तोंड बंद ठेवा.

वैशाली लातूरला परत गेली. थेंब चालू आहेत. त्या थेंबांनी पापण्यांचे केस लांब आणि काळे होतात, औषधाचा गुण आहे तो. गेल्या महिन्यात हळदीकुंकवाला एका बाईनं तिला विचारलं, “डोळ्याला काय लावून राहिलीस गं? लई सुंदर दिसून राहिलेत.” वैशालीनं औषधाचं नाव सांगितलं. मग म्हणाली, “त्याच्यासाठी आधी डोळा घालवावा लागतो.” बाई कुंकू न लावताच पुढे गेली. हे मला विहीणबाईंनी फोन करून सांगितलं. हसत होत्या. वीस वर्षांत त्यांनी मला आपण होऊन केलेला हा पहिला फोन.

आता लातूरच्या घरात टीव्हीच्या वर खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी लटकते. तिच्यात वैशालीचे सगळे कागद आहेत. आल्यागेल्याला दिसतात. ती पिशवी सतीशरावांनी लावली.

मॅडमनी त्या दिवशी नवऱ्यासमोर, सासूसमोर विचारलं, ह्याचा मला फार राग आला होता. मला एकटीला बाजूला घेऊन विचारायला पाहिजे होतं असं मी सगळ्यांना सांगत फिरले. आता म्हणत नाही. बाजूला घेऊन मला विचारलं असतं तर मी पुन्हा काही न्हाई म्हणाले असते. त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं आणि वैशाली स्वतः बोलली, म्हणून उजवा डोळा राहिला. त्यांचे उपकार आहेत. मी तसं त्यांना म्हणाले नाही, इथं लिहिते.

मागच्या तपासणीला उजव्या डोळ्याची फील्ड टेस्ट पहिल्यासारखीच निघाली. वाढ नाही. पुढची चार महिन्यांनी.

वैशाली त्रेचाळीस वर्षांची आहे. डाव्या डोळ्यानं तिला कानाकडची एक चीर दिसते. उजव्यानं ती ब्लाउज शिवते, रस्ता ओलांडते, मुलीचं तोंड बघते. माझे दोन्ही डोळे चांगले आहेत, सत्तराव्या वर्षीही सुई ओवते. हे दुखणं वैशालीनं काढलं. मी काढलं नाही.